सोळा कर्बांचे वलय

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, फाल्गुन वद्य सप्तमी, शुक्रवार. इसवी सन दोन हजार पंचवीस, मार्च महिन्याची एकविसावी तारीख. स्थळ काशीक्षेत्र, विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागातील यंत्रांची खोली. या दिवशी, या स्थळी, माध्यान्हीच्या थोडे आधी, डॉ. दत्तात्रेय टोकेकर यांना त्यांची एके काळची विद्यार्थिनी आणि आताची शेजारच्या खोलीतील सहकारी विद्युल्लता देवगावकर हिने एक प्रश्न विचारला. करंगळीच्या पेराएवढ्या काचकुपीचे झाकण तिने फिरवून काढले, नाक किंचित पुढे केले आणि मागे वळून न पाहता ती म्हणाली, "सर, पान खाऊन आलात?"

टोकेकरांनी पान खाल्ले नव्हते. विभागाच्या आवारात ते पान खात नसत आणि दुसऱ्या कुणाला खाऊ देत नसत. तसा नियम त्यांनीच करून दारावर लावला होता, आणि त्या नियमातील प्रत्येक वाक्य इतके निर्दोष होते की विद्यार्थी त्याची नक्कल करून दाखवत. "नाही," ते म्हणाले. विद्युल्लता "बरं" म्हणाली, कुपीतील थेंब तिने सुईत ओढून घेतला, यंत्राला टोचला आणि मग यंत्राचा पंखा चार दिवसांपासून खरखरतो आहे, नागपूरचा मिस्त्री असता तर एव्हाना दुरुस्त झाला असता, इथले लोक नुसते 'हो जाएगा' म्हणतात, असे काहीबाही बोलू लागली. प्रश्न तिच्या लेखी संपला होता. टोकेकरांच्या लेखी तो आता सुरू झाला. खोलीत दुसरे कुणी नव्हते. पान कुणीच खाल्ले नव्हते. मग वास आला होता तो कुपीतून आला होता. आणि कुपीत होते बालाजी घाटावरच्या भिंतीतील रानमाशीच्या पोटातून त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेले द्रव्य.

ही माशी मध देणारी नव्हे. पोळे बांधणे, राणीची सेवा करणे, हे तिच्या कुळाला ठाऊक नाही. मुंगीहून थोडी मोठी, काळसर, पोटावर राखी पट्टे असलेली ही एकांडी मादी मातीत बीळ कोरते, त्यात इवल्या खोल्या करते आणि डंखाच्या मुळाशी असलेल्या एका ग्रंथीतील रस जिभेने पसरून प्रत्येक खोली आतून सारवते. तो रस वाळला की लाखेसारखा चकचकीत पापुद्रा होतो. त्याच्या आत परागाची गोळी, गोळीवर एक अंडे. ओल आत येत नाही, बुरशी धरत नाही. त्या रसात कर्बाच्या अणूंची मोठमोठी वलये असतात, अठरा कर्बांचे, वीस कर्बांचे, बावीसांचे, आणि कुठल्या वलयाचे प्रमाण किती यावरून एक जात दुसरीपासून वेगळी ओळखता येते, असे टोकेकरांच्या शास्त्राचे म्हणणे होते. विद्यापीठाच्या आमराईतील बांधावर हीच माशी होती. घाटावरच्या भिंतीतही हीच होती. दोघींचे पंख, पाय, मुखावयव भिंगाखाली एकमेकींवर ठेवले तर केसाचा फरक निघत नसे. जनुकांनीही धड कौल दिला नव्हता. परंतु घाटावरच्या माशीच्या रसात एक जास्तीचे वलय होते, सोळा कर्बांचे, सातव्या जागी दुहेरी बंध असलेले. आलेखावर ते एका बारीक, उंच शिखराच्या रूपाने उभे राही. विद्युल्लता त्याला 'सोळाचा पीक' म्हणे. आमराईच्या माशीत ते कधीच आले नाही. घाटाच्या माशीत ते आले नाही असे कधी झाले नाही. त्या एका शिखरावर टोकेकरांनी नवी जात उभी केली होती, तिला 'गांगेया' हे नाव दिले होते, आणि परदेशातील एका नियतकालिकाने स्वीकारलेल्या त्यांच्या लेखाची शेवटची मुद्रिते त्याच आठवड्यात तपासून परत धाडायची होती.

घरी जायला विद्यापीठाच्या दारापुढच्या लंका चौकातून मैदागिनपर्यंत ते ई-रिक्षाने आले आणि साऱ्या वाटेत मनातल्या मनात भांडत आले. भांडणे हा त्यांचा स्वभाव होता, पण आजवर प्रतिपक्ष नेहमी बाहेर असे. आता त्यांनी आपल्याच बाजूने एक मुद्दा मांडावा आणि आतून कुणी तरी तो खोडावा असे चालले. या वलयांना कस्तुरीसारखा गंध असतोच, त्यांनी स्वतःला सांगितले. हे सारे कूळच सुगंधी, विद्युल्लतेला पानातल्या किमामाची, त्या तंबाखूच्या सुगंधी लेपाची, आठवण झाली यात नवल ते काय. बरोबर, आतला म्हणाला; मग आमराईच्या कुप्या ती रोज उघडते, तेव्हा तिला कधी आठवण का झाली नाही? कारण त्या कुप्यांत सोळाचे वलय नसते. अगदी बरोबर, म्हणजे किमामाचा वास आहे तो नेमका सोळाच्या वलयाचा. रिक्षात समोर बसलेल्या बाईच्या मांडीवर स्टीलचा डबा होता आणि खड्ड्यागणिक तो टोकेकरांच्या गुडघ्यावर आदळत होता. त्यांना त्या डब्याचा विलक्षण राग आला. कुपी कशी धुतली जाई ते त्यांनी आठवले: आधी आम्ल, मग ऊर्ध्वपातित पाणी, मग द्रावक, मग भट्टी. द्रावक स्वतः पुन्हा गाळलेला. झाकणांच्या आतील चकतीसुद्धा उकळलेली. घरी नेलेल्या कुप्यांपैकी काही ते न वापरता तशाच परत आणून यंत्राला देत. त्यांचा आलेख सपाट, स्वच्छ, शरदातल्या नदीसारखा. असा काटेकोरपणा संपूर्ण विभागात दुसऱ्या कुणाकडे नव्हता, हे त्यांचे शत्रूही मान्य करीत. तरीही तो मागे वळून न पाहता विचारलेला प्रश्न गुडघ्यावर आदळणाऱ्या डब्यासारखा पुन्हा पुन्हा येतच राहिला.

आणि त्यांना स्वतःला तो वास कधी कसा आला नाही? मैदागिनला उतरून चौखंभ्याच्या गल्लीत शिरताना हा प्रश्न त्यांना पडला आणि उत्तर लगेच मिळाले. घाटाची कुपी ते भरत घरी, दुर्गाघाटावरच्या आपल्या खोलीत, खिडकीपाशी. ग्रंथी ताजी असेतो काढावी लागते. घाटावरून विद्यापीठ गाठेपर्यंत माशी उन्हाने शिजून निघते, म्हणून घरी. आणि घरी, जेवणानंतर, त्यांच्या तोंडात पान असे. बायकोने, शरदिनीने, लावलेले, त्यात वाटाण्याएवढा किमाम. ज्या वासात माणूस बुडालेला आहे तो वास त्याला कुठून येणार? पण यातून काहीच सिद्ध होत नाही, ते जवळजवळ मोठ्याने म्हणाले. तोंडातला किमाम कुपीत उडी मारीत नाही. बोलताना थुंकी उडते म्हणावे, तर ग्रंथी काढताना ते श्वाससुद्धा रोखून धरीत. गल्लीत एक सांड आडवा उभा होता. लोक भिंतीला पाठ घासून त्याच्या बाजूने सरकत होते. टोकेकरही सरकले, आणि सरकताना सदऱ्याला लागलेला चुना झटकीत त्यांनी ठरवले की आपण उगाच घाबरलो.

"आज लौकर?" शरदिनीबाईंनी दार उघडून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. "पोळ्या व्हायच्यात अजून."

"जेवायचं नाही मला."

"म्हणजे कुणाशी तरी भांडण झालंय."

"झालेलं नाही."

"मग होणार असेल. थोडा वरणभात खाऊन घ्या, उपाशी भांडलात की तुमची वाक्यं लांबतात." त्या आत वळल्या आणि आतूनच म्हणाल्या, "आणि अहो, किमाम संपत आलाय. चौकात गेलात तर तोच आणा, पांढऱ्या डबीतला. मागचा एकदम बेकार होता."

"किमामात काय घालतात गं?"

"मला काय ठाऊक? तंबाखू, केवडा, वेलदोडा. कस्तुरी म्हणतात, पण या भावात कसली कस्तुरी? केमिकल असणार काही तरी. तुम्ही तर केमिस्ट्रीवाले, तुम्हीच सांगा."

टोकेकर आपल्या खोलीत गेले. खिडकीपाशी मेज, मेजावर भिंग, भिंगाशेजारी चिमटे, सुया आणि खारीच्या केसांची ती बारीक कुंचली, सगळे आपापल्या जागी, एकमेकांना समांतर. त्यांना काही करायचे नव्हते. फक्त काय करतो ते एकदा हाताला विचारायचे होते. ते खुर्चीवर बसले. डोळा भिंगाला लावला. खाली माशी नव्हती, रिकामी काच होती. डाव्या हाताने माशीचे पोट धरल्यासारखे केले, उजव्या हातातील चिमट्याने डंख ओढल्यासारखे केले. डंखामागोमाग ती ग्रंथी येते, दवाच्या थेंबातून ओढलेल्या धाग्यासारखी, आणि चिमट्याने धरली तर फुटते, म्हणून ती कुंचलीच्या ओल्या टोकाने उचलून कुपीत सोडायची. उजव्या हाताने चिमटा खाली ठेवला, कुंचली उचलली, आणि टोकेकरांचा डोळा भिंगालाच लावलेला असताना हाताने ती कुंचली वर आणून त्यांच्या दोन ओठांच्या मध्ये ठेवली, एकदा हलकेच फिरवली, टोक काढले आणि खाली नेली.

हा हात त्यांचा नव्हताच एका अर्थी, वडिलांचा होता. वडील मंगळागौरीच्या देवळामागील एका पाठशाळेच्या ग्रंथालयात जुन्या पोथ्यांची फाटकी पाने जोडीत. पातळ खळ, झिरमिरीत कागद आणि कुंचली. कुंचलीचे केस पिंजारले की ओठांतून काढायची, सुईसारखे टोक होते. "पाण्यात बुडवलीस तर पोट फुगतं तिचं, टोक येत नाही," असे त्यांनी सांगितले होते, आणि लहान दत्तूला जो हात मिळाला त्यावर पुढे मोठ्या टोकेकरांची कीर्ती उभी राहिली. अख्ख्या देशात असली अखंड ग्रंथी कुणी काढीत नाही, असे लोक म्हणत. विभागात हात तोंडाला न्यायचा नाही हा नियम होता, म्हणून तिथे कुंचली द्रावकात ओली करायची सवय त्यांनी मनाला जाणीवपूर्वक लावली होती. घरी नियम नव्हता. घरी हात मोकळा सुटे. आणि न वापरलेल्या ज्या कुप्या पुराव्यासाठी परत जात त्यांत कुंचली कधी बुडालेलीच नसे, कारण बुडवण्यासारखे त्यांत काही नव्हते. त्यांनी सगळे धुतले होते, ओठ सोडून. आमराईची माशी विभागात, घाटाची माशी घरी. आमराईची कोरड्या तोंडाने, घाटाची भरल्या तोंडाने. दोन जातींमधील सीमारेषा त्यांनी नदीच्या काठाने आखली होती, आणि ती जात होती त्यांच्या पानदानातून.

दुःख झाले असते तर बरे झाले असते. त्यांना झाला तो वैताग, अंगभर खाजेसारखा. एखाद्या प्रतिस्पर्ध्याने युक्तिवादाने हरवले असते तर त्यांनी त्याच्याशी वर्षानुवर्षे वाद घातला असता आणि त्यात एक प्रकारचे सुख घेतले असते. इथे वाद कुणाशी घालायचा? मुख्य म्हणजे त्यांचा सिद्धांत सुंदर होता. श्रावणात नदी चढते, बालाजी घाटाच्या पायऱ्या गिळते, भिंतीतील मातीच्या दर्जा, दगडांमधल्या त्या भरलेल्या फटी, कित्येक दिवस पाण्याखाली जातात, आणि तरी आश्विनात त्याच दर्जांतून माश्या बाहेर येतात. म्हणजे पुराखाली जगणाऱ्या या माशीने आपल्या लाखेत एक नवे वलय मिसळले असले पाहिजे, जे आमराईतील कोरड्या बांधावरच्या बहिणीला लागत नाही, आणि त्या एका गरजेतून, पेशव्यांच्या काळी बांधलेल्या एका भिंतीत, एक जात दुसरीपासून हळूहळू अलग झाली. हे लिहिताना त्यांची वाक्ये आपोआप तोलून येत. त्यात कुठेही काही कमी-जास्त नव्हते. इतकी सुबक गोष्ट असत्य असू शकते याचा त्यांना राग आला, आणि त्याहून अधिक राग याचा, की ती असत्य आहे हे ठाऊक असलेला माणूस या घडीला पृथ्वीवर एकच होता. विद्युल्लता पंख्याविषयी बोलत होती. परीक्षकांपैकी कुणी आयुष्यात किमाम खाल्ला नसेल. मुद्रिते परत धाडली की 'गांगेया' कायमची ग्रंथांतरी जाईल.

आणि भिंत वाचेल. या विचारापाशी ते उठून उभे राहिले आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागले. बालाजी घाटावरची ती भिंत ज्या अन्नछत्राची, त्याचे व्यवस्थापन पाहणारे प्रल्हादराव मुळे त्यांच्याच गल्लीत, तीन घरे सोडून राहत. दत्तूला त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. दर भाद्रपदात भिंतीच्या मातीच्या दर्जांतून पाणी झिरपून अन्नछत्राच्या कोठारातील तांदूळ भिजे. यंदा भिंत पावसाआधी सिमेंटने लिंपायची असे ठरले होते, सिमेंटची पोतीही येऊन पडली होती. टोकेकरांनी विश्वस्तांच्या बैठकीत तासभर भाषण केले होते. ही माशी जगात या एकाच भिंतीत आहे. तुम्ही लिंपाल ती भिंत नसेल, एक संपूर्ण जात असेल. विश्वस्त प्रभावित झाले होते. प्रल्हादरावांनी मान डोलावून सांगितले होते की वेगळी जात असल्याचे पक्के छापून आले तर भिंतीला हात लावणार नाही, तांदूळ दुसरीकडे हलवू. म्हणजे आता टोकेकरांनी नुसते गप्प राहायचे होते. गप्प राहणे हे पाप आहे का? अजून काय सिद्ध झाले आहे? एका बाईला वास आला. एक हात तोंडाकडे गेला. यावरून निष्कर्ष काढणारा विद्यार्थी असता तर त्यांनी त्याला दारातून परत पाठवले असते.

शेवटी याच युक्तिवादाने त्यांचा घात केला. सिद्ध झाले नाही म्हटल्यावर सिद्ध करणे आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काचेच्या नळ्या घेऊन भिंतीपाशी गेले. ऊन नुकते दर्जांवर आले होते. बिळांच्या तोंडाशी माद्या अर्ध्या बाहेर येऊन मिशा साफ करीत होत्या, तोंड धुवून दारात उभ्या राहिलेल्या बायांसारख्या. खाली पायरीवर कुणी तेल लावून घेत बसला होता. प्रल्हादराव काठी टेकीत वरून आले.

"काय रे दत्तू, सावज मिळालं?"

"मिळतंय."

"अरे, तो ठेकेदार रोज फोन करतो मला. आज म्हणाला, पंडितजी, मक्खी का कागज आया? मी म्हटलं आएगा, आएगा. कधी येतंय?"

"येईल."

"तुझी तब्येत ठीक आहे ना? एका शब्दात उत्तर देतोस आज. मला वाटलं काही मोठं बिघडलं."

टोकेकरांनी नळी बिळावर धरली, मादी आत आली, त्यांनी अंगठ्याने तोंड बंद केले. नळीत ती काचेवर चढे आणि घसरे. सात वर्षे ही हालचाल पाहताना त्यांना कधी काही वाटले नव्हते. आज वाटले की आपण एकाच आरोपीला दुसऱ्यांदा पकडून आणीत आहोत.

त्याच दुपारी त्यांनी आमराईतील बांधावरच्याही माद्या धरून बर्फाच्या डब्यातून घरी आणल्या. आधी घाटाच्या हाती घेतल्या. सकाळपासून पान खाल्ले नव्हते, तोंड मिठाच्या पाण्याने धुतले होते, कुंचली नवी होती. तरी तिसऱ्या माशीला हात वर गेला. कुंचली ओठांपासून बोटभर अंतरावर थांबली, त्यांनी ती फेकून दिली, दुसरी घेतली आणि डाव्या हाताने उजवे मनगट धरून बसले, हट्टी मुलाला धरावे तसे. घाटाच्या कुप्या भरून झाल्या तेव्हा ते दारापाशी गेले आणि म्हणाले, "पान लाव गं एक. किमाम नेहमीएवढा."

"अहो, आत्ता? दिवसभर नको नको चाललं होतं."

"लाव तू."

शरदिनीबाईंनी पान आणून दिले आणि त्या दारातच उभ्या राहिल्या. टोकेकरांनी ते खाल्ले. पस्तीस वर्षांत प्रथमच त्यांनी पान औषधासारखे खाल्ले, चव न घेता, नीट चावून, रस ओठांपर्यंत येऊ देऊन. मग भिंगावर वाकले, आमराईची माशी घेतली आणि हाताला म्हणाले, जा आता तुला जायचे तिकडे. हात कुंचली घेऊन निमूटपणे वर गेला. बाहेर मंगळागौरीकडे जाणाऱ्या बायकांचे बोलणे ऐकू येत होते, कुणाच्या तरी सुनेने नोकरी सोडली म्हणून. "हे काय, तोंडात घालता ते?" मागून शरदिनीबाई म्हणाल्या. "तरीच. मी म्हणते तुमचे सगळे ब्रश लाल कसे होतात." टोकेकरांनी मागे वळून पाहिले. बायकोचा चेहरा नेहमीचा होता, किंचित तक्रारीचा. म्हणजे पृथ्वीवर जाणणारा माणूस एकटाच नव्हता; ही कित्येक वर्षे जाणत होती, फक्त आपण जाणतो आहोत ते काय, हे तिला ठाऊक नव्हते, आणि तिला कुणी विचारले नव्हते.

सोमवारी विद्युल्लतेने कुप्या यंत्राला दिल्या. कुठली कशी भरली ते टोकेकरांनी सांगितले नाही; झाकणांवर नुसते 'घाट' आणि 'आमराई' एवढे लिहिले होते. ते आपल्या खोलीत मुद्रिते उघडून बसले होते. पहिल्याच पानावर एक स्वल्पविराम चुकला होता. तो त्यांनी दुरुस्त केला. मग हात मागे घेतला. विद्युल्लता आलेख घेऊन आली ती दारातूनच बोलत आली.

"सर, झाकणं बदललीत कुणी तरी."

"नाही बदलली."

"मग उलटं कसं? आमराईवालीत सोळाचा पीक आहे, हा एवढा. घाटवालीत नाहीच. लेबलं उलटी लागलीत, शंभर टक्के."

"लेबलं बरोबर आहेत. बस."

त्यांनी सांगितले. सुरुवातीला वाक्ये नीट आली, मग तुटक झाली. ती हसेल अशी त्यांनी तयारी ठेवली होती. हसण्यावर द्यायचे उत्तरही जुळवले होते. ती हसली नाही. खुर्चीच्या कडेवर बसून तिने आलेख गुडघ्यावर सपाट केला.

"शुक्रवारी मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तेव्हाच का नाही बोललात?"

"खात्री नव्हती."

"खात्री होती, सर. नसती तर बोलला असतात. तासभर बोलला असतात."

टोकेकर दुसरेच बोलू लागले. सोळाचे वलय गेले, ठीक; परंतु अठरा आणि वीस यांचे प्रमाण? घाटाच्या माशीत वीसचे किंचित अधिक नाही का? पुराचा मुद्दा त्यावरही मांडता येईल. त्यांनी तो मांडला. तो चांगला होता. विद्युल्लतेने सगळे ऐकून घेतले, आलेखावर नखाने दोन जागा दाखवल्या आणि म्हणाली, "एवढा फरक एका बिळातल्या बहिणी-बहिणींत असतो. तुम्हीच शिकवलंय. लेख मागे घ्यावा लागेल, सर. मी लिहू का त्यांना?"

"मी लिहितो."

ते लिहायला बसले. नियतकालिकाच्या संपादकाला लिहायचे पत्र प्रथम दोन पाने झाले. त्यात पाठशाळा होती, वडिलांचा हात होता, काशीतील विड्याचे स्वरूप समजावून देणारा परिच्छेद होता. त्यांनी तो काढला. मग वडील काढले. मग विशेषणे काढली. शेवटी उरले ते असे की तपासणीच्या पद्धतीतील दोषामुळे नमुन्यांत बाहेरचे द्रव्य मिसळले, निष्कर्ष टिकत नाही, लेख छापू नये. इतके कोरडे वाक्य त्यांनी आयुष्यात लिहिले नव्हते. ते वाचून कुणालाही त्याच्या लेखकाविषयी काहीच कळले नसते, आणि हेच त्यांना सर्वांत जाचले. ते धाडून ते उठले आणि थेट प्रल्हादरावांकडे गेले, घरी नव्हे, अन्नछत्राच्या पुढच्या खोलीत, जिथे म्हातारा दुपारी चष्मा कपाळावर ठेवून वर्तमानपत्र वाचत बसे. मागच्या कोठारातून ओलसर तांदळाचा वास येत होता. दारापाशी सिमेंटची पोती रचलेली होती.

"आलं का कागज?"

"नाही येणार. माशी वेगळी नाही, प्रल्हादकाका. माझी चूक झाली."

प्रल्हादरावांनी चष्मा खाली घेतला. "आमराईत आहे तीच?"

"तीच. आमराईत, सारनाथच्या रस्त्यावर, पार गाझीपूरपर्यंत सगळीकडे."

"आणि सात वर्षं तुला कळलं नाही?"

"नाही."

"बरं," प्रल्हादराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता. "होतं असं. बस, चहा सांगतो."

टोकेकर बसले नाहीत. ते बोलू लागले. माशी तीच असली तरी वस्ती तीच नव्हे. नदीखाली जाऊन वर येणारी वस्ती दुसरीकडे कुठे आहे ते दाखवा. जात वेगळी असेल तरच जगण्याचा अधिकार, हे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे? बोलता बोलता त्यांना कळत होते की हा मुद्दा सर्वांत बळकट आहे, आणि हाच त्यांनी एकदाही मांडला नव्हता. विश्वस्तांच्या बैठकीत त्यांनी स्वतःच सगळा भार जातीवर टाकला होता, कारण जात सिद्ध करता येते, तिला नाव देता येते, आणि साध्या माशीसाठी तासभर बोलणारा टोकेकर त्यांना स्वतःलाच हास्यास्पद वाटला असता. आता तो बोलत होता. त्याची वाक्ये लांबत होती. "निदान ज्येष्ठापर्यंत थांबा," तो म्हणाला. "आत्ता खोल्या भरल्यात, अंडी आहेत आत. दोन महिन्यांत पिल्लं बाहेर पडतील, मग लिंपा."

"ज्येष्ठात मजूर गावी जातात, दत्तू. मग आषाढ. आषाढात ओल्या भिंतीवर सिमेंट धरत नाही."

"मग अर्धी लिंपा. वरचा भाग सोडा."

"पाणी वरूनच शिरतं." प्रल्हादराव उठले, त्यांनी काठी घेतली आणि दारापर्यंत जाऊन पोत्यांवरून हात फिरवला, गाठ सुटली आहे का पाहावे तसा. ते पाठमोरे उभे होते. टोकेकरांपाशी आणखी युक्तिवाद होते, दोन तरी होते, पण ते पाठीशी बोलण्यासारखे नव्हते. मग म्हाताऱ्याने मान वळवली.

"वेगळी असती तर ठेकेदाराला मी परत पाठवला असता, कोठार हलवलं असतं, तुला शब्द दिला होता. वेगळी नाही. उद्या सकाळी भिंत लिंपायला घेऊ."